ऑरिन वाइडनरची हौस

ज्या वर्षी व्हर्ना वाइडनरच्या लेकीला जुळी झाली, ते १९८६ साल. फेब्रुवारी सरत आला होता, यलोस्टोन नदीवरचा बर्फ अजून फुटला नव्हता, आणि व्हर्नाच्या स्वयंपाकघरात जोलीन दोन्ही मांड्यांवर दोन पोरं घेऊन बसली होती. एक गप्प झालं की दुसरं सुरू व्हायचं. अशा वेळी दारावर टकटक झाली. व्हर्नाने दार उघडलं, तर समोर हार्लन स्कॉग्लंड. हातात भलं मोठं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली तंगडी, आणि मागे एक कोटटाय घातलेला तरुण.

कुणाच्या घरी पाळणा हलला की मोंटानातल्या या माइल्स सिटीत शेजारीपाजारी काहीतरी शिजवून आणतातच. पण हार्लनने व्हर्नाचा नवरा ऑरिन मेल्यापासून या घराची पायरी चढली नव्हती. ऑरिनच्या मयताला त्याने हॅम पाठवलं होतं, तेही ड्रायव्हरच्या हातून. ते व्हर्नाने शेजाऱ्याच्या कुत्र्यांपुढे टाकलं होतं, आणि टाकताना शेजारणीला हाक मारून दाखवलं होतं, म्हणजे गावभर होईल.

"आजोबाच्या नात्याने काहीतरी आणावं म्हटलं," हार्लन म्हणाला. "आत येऊ का, व्हर्ना?"

"या. पाय पुसून या."

हार्लन स्कॉग्लंड म्हणजे गावातला मोठा माणूस. त्याच्या कारखान्यात गुरांचे लोखंडी खोडे बनत. जनावराला लस टोचायची, खूर छाटायचे, डाग द्यायचा, तर त्याला आधी खोड्यात घालावं लागतं. पूर्वी ते काम लाकडी फळ्या आणि चार गडी करत, हार्लनच्या बापाने त्याला तेलाच्या दाबावर चालणारी फाटकं बसवली आणि पैसा केला. खोडे बनत माइल्स सिटीत, पण खपत दक्षिणेला, राज्याच्या सरहद्दीपलीकडे वायोमिंगात. तिकडची कुरणं मोठी आणि कळप त्याहून मोठे. आणि वायोमिंगात खोडे विकणारा माणूस होता हाच ऑरिन वाइडनर.

ऑरिन कसा मेला ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. का मेला, यावर मात्र दोन मतं होती. एक हार्लनचं आणि एक व्हर्नाचं, आणि सरकारदरबारी हार्लनचं खरं ठरलं होतं.

झालं होतं असं. १९७८च्या ऑक्टोबरात एका सकाळी व्हर्ना अंडी तळत असताना फोन वाजला. हार्लनचा आवाज. "ऑरिनला दे. नको, राहू दे, तूच सांग. जिलेटच्या पुढे टॉलेफसनच्या खोड्याचं फाटक अडकलंय. हत्यारं घेऊन आजच्या आज जा म्हणावं. गिऱ्हाईक तुटलं तर तुझ्या पगारातून कापीन, असंही सांग." आणि हसला. व्हर्नाने निरोप दिला. ऑरिनने अंडी पावात घातली, गुंडाळली, आणि गेला. संध्याकाळी वायोमिंगात, टॉलेफसन या गुरं पाळणाऱ्या रँचवाल्याच्या गोठ्यात तो खोड्याच्या आत वाकून काम करत असताना तेलाची नळी फुटली आणि फाटक त्याच्या छातीवर आलं.

कामावर माणूस मेला तर बायकोला भरपाई मिळते. व्हर्नाने ती मागितली. पुढच्या वसंतात सुनावणी झाली, आणि हार्लनने शपथ घेऊन सांगितलं, "ऑरिन आमचा विक्रेता. ऑर्डर घ्यायची आणि इकडे कळवायची, एवढंच त्याचं काम. पाना घेऊन खोड्यात शिरायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती त्याची हौस होती."

आणि फोन? ऐकणाऱ्यांनी विचारलं.

"मी फोन केलेला नाही. व्हर्नाबद्दल मला वाईट वाटतं. पण दुःखात बाईमाणसाला नाही नाही ते ऐकू येतं."

असं बोलण्याचं कारणही गावाला पुढे कळलं. विक्रेत्याचा विमा स्वस्त, दुरुस्ती करणाऱ्याचा महाग. ऑरिन दुरुस्तीच्या कामावर मेला असं ठरलं असतं, तर विमा कंपनीने हार्लनच्या सगळ्या विक्रेत्यांचे मागचे हप्ते वाढवून मागितले असते. तेवढ्यासाठी त्याने एका मेलेल्या माणसाला हौशी ठरवलं आणि त्याच्या बायकोला भ्रमिष्ट.

भरपाई मिळाली नाही. गुरांच्या लिलावाच्या अड्ड्यावर जे उपाहारगृह आहे, तिथे व्हर्ना बशा धुवायला लागली, मग पाव भाजायला. कष्टाचं तिला काही वाटलं नाही. तिची आई सहा गायींच्या धारा काढून शेतावर जायची. तिला डाचला तो एक शब्द. गावातले लोक वाईट नव्हते, पण शब्द चिकटतो. कुणी ओळखीचा रँचवाला कॉफी पिताना सहज म्हणायचा, "बिचारा ऑरिन! फार हौशी माणूस." त्या माणसाची बशी व्हर्नाच्या हातून हमखास पडायची. मालकाने फुटलेल्या बशांचे पैसे कापले तरी ती पडतच राहिली.

देवळात, म्हणजे त्यांच्या लुथरन चर्चमध्ये, प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी होते. ती ओतायचं काम व्हर्नाकडे. ती सगळ्यांना ओतायची. हार्लनचा कप पुढे आला की किटली खाली ठेवून टेबल पुसायला घ्यायची. हार्लन आपल्या हाताने ओतून घ्यायचा. पाद्रीबाबांनी एकदा तिला बाजूला घेऊन क्षमेबद्दल चार शब्द सांगितले. ती म्हणाली, "त्याने मागितली का? मागितली नाही ती वस्तू मी देऊ कशी?" पाद्रीबाबा पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

तो हार्लन आता तिच्या टेबलाशी बसला होता. त्याच्यासोबतचा तरुण म्हणजे बिलिंग्जचा वकील, प्रुइट. जोलीनने पोरांना आतल्या खोलीत नेलं, पण दार उघडंच ठेवलं.

"बाई, मी सरळ मुद्द्यावर येतो," प्रुइट म्हणाला. "आमचं राज्याशी भांडण चाललंय. कराचं."

"मी काय कर वसूल करते?"

"तसं नाही. कसंय, एखादी कंपनी एका राज्यात माल बनवते, दुसऱ्यात विकते. मग तिचा नफा कुणाचा? प्रत्येक राज्य म्हणणार माझा. म्हणून वाटणीची एक रीत ठरलीय. जमीन, कारखाना कुठे, पगार कुठे दिले जातात, माल कुठे विकला जातो, या तिन्हींचा मेळ घालायचा. जितका हिस्सा ज्या राज्यात, तितक्या नफ्यावर त्या राज्याचा कर. आमचा कारखाना इथे, पगार इथे, त्याबद्दल तक्रार नाही. पण विक्री वायोमिंगात आहे. ती आमच्या हिशेबात मोंटानाच्या पारड्यात पडत नाही."

"मग वायोमिंगला भरा."

हार्लन खोकला. प्रुइट हसला. "वायोमिंग कंपन्यांच्या नफ्यावर कर लावतच नाही."

व्हर्नाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे कुणालाच भरायचा नाही."

"बाई, माझे वडील रँचवाले. मी तुम्हाला रँचच्या भाषेत सांगतो. गाय आपली, पण चरली शेजाऱ्याच्या कुरणात. शेजाऱ्याला चराई मागायचा हक्क असेल, तर आपल्या राज्याने ते गवत मोजायचं नाही. मग शेजारी चराई मागो की सोडून देवो, ती त्याची मर्जी. पण शेजाऱ्याला हक्कच नसेल, तर राज्य म्हणतं, गाय आपल्याच कुरणात चरली असं धरा. ती विक्री उलटी फिरून इथे येते, आणि इथे कर लागतो."

"आणि हक्क कधी असतो?"

"तिथेच तर सगळं अडलंय. कंपनीचा माणूस परराज्यात जाऊन नुसती ऑर्डर घेत असेल, तर वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा कायदा म्हणतो, त्या राज्याला कर लावायचा हक्क नाही. पण त्या माणसाने तिथे आणखी काही काम केलं, समजा, मशीन दुरुस्त केलं, की हक्क आला. राज्य म्हणतं, तुमचा माणूस नुसती ऑर्डर घ्यायचा. आम्ही म्हणतो, नाही, तो दुरुस्तीही करायचा. भांडण आहे शहात्तर ते अठ्ठ्याहत्तर या वर्षांचं." तो थांबला. "त्या वर्षांत वायोमिंगात आमचा एकच माणूस होता."

आतल्या खोलीत पोराने एक हुंदका दिला आणि ते गप्प झालं. व्हर्नाने हॅमवरचा कागद नीट केला. तिच्या लक्षात सगळं आलं होतं, पण ते हार्लनच्या तोंडून यावं असं तिला वाटत होतं.

"रँचवाले आहेत की. टॉलेफसनला विचारा."

"विचारलं," प्रुइट म्हणाला. "ते सगळे म्हणतात, ऑरिन भला माणूस, सगळं दुरुस्त करून द्यायचा, कधी पैसा घेतला नाही. राज्याचा वकील म्हणतो, मग ती मैत्री झाली, कंपनीचं काम नव्हे. त्याला कंपनीने पाठवलं होतं, हे सांगणारं कुणीतरी हवं."

"मग कंपनीचा मालक सांगेल ना. हे काय, बसलेत."

"मालकाच्या शब्दाला वजन कमी. त्याचा फायदा आहे त्यात. तुमचा काहीच फायदा नाही, म्हणून तुमच्या शब्दाला वजन आहे. शेवटच्या दिवशी फोन तुम्ही घेतला होता, असं मला कळलं."

"कुणाकडून कळलं?"

प्रुइटने हार्लनकडे पाहिलं. हार्लन टोपी फिरवत होता. तो सत्तरीकडे झुकला होता, मानेची कातडी लोंबायला लागली होती.

"काय सांगू मी तिथे, हार्लन? तुम्ही सांगा. मला नीट समजू दे."

"हेच की, त्या सकाळी फोन आला होता."

"कुणाचा?"

"व्हर्ना, तुला ठाऊक आहे."

"मला कुठलं ठाऊक? मला तर ऐकू येत होतं."

प्रुइट मध्ये पडला, "जुनं प्रकरण आपल्याला उकरायचं नाही. तिथे कुणी विचारणार नाही—"

"माझा होता," हार्लन म्हणाला. "फोन मी केला होता. झालं?"

ज्या वाक्यासाठी ती इतकी वर्षं दात ओठ खात होती, ते वाक्य तिच्या स्वयंपाकघरात, हॅमच्या शेजारी, असं मुकाट पडलं. तिला वाटलं होतं तसं काहीच वाटलं नाही. छातीत जे पेटलेलं होतं ते विझलं नाही, उलट त्यावर कुणी चरबी ओतल्यासारखं झालं.

"बराच वेळ लागला तुम्हाला आठवायला."

"माणूस विसरतो, व्हर्ना."

"हो ना. बाईमाणसाला नाही नाही ते ऐकू येतं, आणि पुरुषमाणूस विसरतो."

हार्लनचा चेहरा लाल झाला. उठता उठता तो म्हणाला, "डॅरेल कसा आहे? चांगला वेल्डर आहे तुझा जावई. राज्याने सगळी रक्कम व्याजासकट मागितली, तर बँक आम्हाला दारात उभं करणार नाही. चाळीस माणसं आहेत माझ्याकडे. आणि आता तर डॅरेलची दोन तोंडं वाढली." मग त्याने जाकिटातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "पोरांसाठी."

"ते उचला," व्हर्ना म्हणाली. "पैसे घेतलेल्या साक्षीदाराचं वजन कमी होतं. या पोराला विचारा."

प्रुइटने घाईघाईने पाकीट उचलून मालकाच्या हातात कोंबलं. "बाई बरोबर बोलतायत. म्हणजे तुम्ही याल?"

"येईन."

"आणि काय सांगाल?"

"मी एकदा शपथेवर सांगितलंय सगळं. ते वाचून घ्या. माझं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं."

प्रुइट समाधानाने गेला. हार्लन जरा घुटमळला, मग त्याच्या मागे गेला. गाडी वळल्यावर व्हर्नाने मागचं दार उघडलं आणि हॅम उचललं.

"आई!" जोलीन बाहेर आली. "घरात खायला माणसं आहेत."

"तुला हवं तर खा. मी नाही खाणार."

जोलीनने ते हॅम डॅरेलसाठी कापलं. डॅरेलने तीन दिवस खाल्लं आणि बरं होतं म्हणाला. व्हर्नाने त्याला काही म्हटलं नाही, पण ती सुरी तिने वेगळी धुतली.

मेच्या सुरुवातीला, राज्याच्या राजधानीला, हेलेनाला, जायच्या आदल्या दिवशी, मायलेकींची जुंपली. जोलीन आपल्या घरामागे कपडे वाळत घालत होती, वारा सुटला होता, आणि पोरांचे लंगोट दोरीवर फडफडत होते.

"उद्या तू तिथे खरं बोललीस की बाबांचं नाव साफ होईल," जोलीन म्हणाली. "राज्याच्या कागदांत कायमचं राहील, की ते कामावर मेले. तुला हेच हवं होतं ना?"

"मला हवं होतं तेव्हा नाही दिलं."

"पण आता देतोय."

"देत नाहीये. विकत घेतोय. तेव्हा खरं बोलायला त्याला पैसे पडले असते, म्हणून खोटं बोलला. आता खोटं बोलायला पैसे पडतात, म्हणून खरं बोलतोय. तुझा बाप काय त्याच्या चावीने उघडायचं कपाट आहे?"

"मग तू काय करणार आहेस?" जोलीनच्या हातात चिमटा तसाच राहिला. "आई, खोटी शपथ घेऊ नकोस."

"खोटं एक अक्षर नाही बोलणार."

"मग?"

"त्याने मला जे बनवलं, ते मी उद्या बनून दाखवणार. बस."

जोलीनने चिमटा टोपलीत टाकला. तिला कळलं, आणि कळताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॅरेलची नोकरी जाईल. हे घर आम्ही आत्ता घेतलंय. तू इतकी वर्षं धरून बसलीस, ठीक आहे, तुझा नवरा होता. पण ही दोन पोरं कुणाची आहेत?"

"डॅरेल धडधाकट आहे. त्याच्या हाताला कुठेही काम मिळेल."

"तुझ्या मनात डूख आहे, आई. तुला दुसरं काही दिसतच नाही."

"आहे," व्हर्ना म्हणाली. "नाही कोण म्हणतंय?"

हार्लनने गाडी पाठवतो म्हटलं होतं. व्हर्ना बसने गेली.

हेलेनात कराच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळासमोर सुनावणी होती. तीन माणसांचं मंडळ, आणि अध्यक्ष मिसेस मॅकनल्टी नावाची पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची बाई. ती ऐकताना पेन्सिलीने स्वतःच्या गालावर टकटक करायची. राज्याचा वकील रीड म्हणून होता. बोलताना तो सारखा पाणी प्यायचा. सकाळ आकडेमोडीत गेली. हार्लनने शपथ घेऊन कारखान्याची माहिती दिली, मग त्याचा मुनीम बोलला, मग वायोमिंगचे दोन रँचवाले. त्यांनी ऑरिनचं तोंडभर कौतुक केलं. एकाने डोळे पुसले. रीडने दोघांना एकच प्रश्न विचारला, "कंपनीने कधी दुरुस्तीचं बिल पाठवलं?" दोघांनी माना हलवल्या.

जेवणानंतर प्रुइटने व्हर्नाला उभं केलं. तिने निळा पोशाख घातला होता, चर्चला जायचा. शपथ घेतली. हार्लन पहिल्या रांगेत बसला होता, आणि तिला प्रोत्साहन द्यावं तशी त्याने मान हलवली.

"बाई, तुमचे पती स्कॉग्लंड कंपनीसाठी वायोमिंगात काय काम करायचे?"

"ऑर्डर घ्यायचे," व्हर्ना म्हणाली. "ऑर्डर घ्यायची आणि इकडे कळवायची."

प्रुइट हसला. "आणि त्याशिवाय?"

"त्याशिवाय त्यांचं काही काम नव्हतं. असं मला सांगण्यात आलं."

पेन्सिल थांबली. प्रुइटचा चेहरा जरा ताठला, पण तो गडी हुशार होता. "माझा प्रश्न नीट विचारतो. मशीन बिघडलं तर ते दुरुस्त करायचे ना?"

"करायचे. ती त्यांची हौस होती."

"हौस?"

"शब्द माझा नाही. मिस्टर स्कॉग्लंडचा आहे. शपथेवरचा."

हार्लन खुर्चीत सरळ झाला. प्रुइटने कपाळावरून हात फिरवला आणि एकदम शेवटच्या प्रश्नावर उडी मारली. "बाई, ज्या दिवशी ते वारले, त्या सकाळी तुमच्या घरी फोन आला होता की नाही?"

सगळ्या खोलीत टंकलेखन करणाऱ्या मुलीच्या यंत्राचा आवाज तेवढा राहिला. व्हर्नाने हार्लनकडे पाहिलं. मग मंडळाकडे वळून ती सावकाश, शब्दाशब्दाला थांबत बोलली.

"एकोणऐंशी साली मी भरपाई मागितली होती. तेव्हा मी शपथेवर सांगितलं की फोन आला होता, आणि मिस्टर स्कॉग्लंडने माझ्या नवऱ्याला दुरुस्तीला पाठवलं होतं. मिस्टर स्कॉग्लंडने शपथेवर सांगितलं की त्यांनी फोन केला नाही, आणि दुःखात बाईमाणसाला नाही नाही ते ऐकू येतं. ऐकणाऱ्यांनी त्यांचं खरं मानलं. माझा दावा फेटाळला. तेव्हापासून, बाईसाहेब, त्या सकाळपुरता माझ्या कानांवर भरवसा ठेवायचा नाही, असं ठरलंय. मिस्टर स्कॉग्लंड मोठे माणूस आहेत. त्यांनी सांगितलं की फोन नव्हता, तर ते खोडून काढणारी मी कोण?"

रीडने हातातला पेला खाली ठेवला. त्याला असं काही मिळेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"व्हर्ना!" हार्लन उभा राहिला. "व्हर्ना, सांग ना! काय चालवलंयस तू!"

"बसा, मिस्टर स्कॉग्लंड," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ती सूड घेतेय! गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल, फोन मी केला होता! हत्यारांची पेटी मी दिली होती त्याला, माझ्या खर्चाने! दर आठवड्याला पाठवायचो मी त्याला दुरुस्तीला! ऑरिनसारखा दुरुस्ती करणारा माणूस अख्ख्या मोंटानात नव्हता!"

प्रुइट त्याची बाही ओढत होता. हार्लनने ती झटकली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मिस्टर स्कॉग्लंड, तुम्ही सकाळी शपथ घेतलीय, ती अजून लागू आहे. तुम्ही असं सांगताय का, की एकोणऐंशी सालची तुमची शपथ खोटी होती?"

आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा उमगलं. त्याने प्रुइटकडे पाहिलं. प्रुइट टेबलाकडे पाहत होता. त्याने व्हर्नाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे सरळ पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं.

"सांग, हार्लन," ती म्हणाली. उभ्या आयुष्यात तिने त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं. "बाई विचारतायत तुला."

"होती," हार्लन म्हणाला. "खोटी होती. फोन मीच केला होता."

मुलीच्या यंत्राने ते टिपून घेतलं. व्हर्ना जागेवर जाऊन बसली आणि तिने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली.

रीडला फारसं बोलावं लागलं नाही. तो एवढंच म्हणाला, की या गृहस्थांनी विम्याचे पैसे वाचवायचे होते तेव्हा एक शपथ घेतली, आणि कराचे पैसे वाचवायचे आहेत तेव्हा दुसरी. यातली कुठलीही मंडळाने खरी मानायची म्हटली तर कशाच्या आधारावर?

निकाल ऑगस्टात लागला. मंडळाने लिहिलं की, ऑरिन वाइडनर कंपनीच्या हुकमावरून दुरुस्ती करत होता हे सिद्ध झालेलं नाही. मालकाची साक्ष विश्वासपात्र नाही. वायोमिंगची सगळी विक्री उलटी फिरून मोंटानाच्या पारड्यात पडली, आणि त्यावरचा कर व्याजासकट हार्लनच्या बोकांडी बसला. त्याच्या पाठोपाठ विमा कंपनीने त्याच्या त्या कबुलीची नक्कल मागवली आणि स्वतःचा दावा लावला. म्हणजे कराच्या मंडळाने ज्याला खोटं मानलं, ते विमा कंपनीने खरं मानलं. हार्लनला दोन्हीकडून फटके बसले.

ऑरिनचं नाव साफ झालं नाही. उलट आता ते दोनदा सरकारी कागदात गेलं, की तो कामावर नव्हता. हे व्हर्नाला कळत नव्हतं असं नाही. निकालाची बातमी तिला अड्ड्यावर कुणीतरी सांगितली तेव्हा ती पाव भाजत होती. तिने तो पाव उलटला, दुसरी बाजू भाजली, आणि म्हणाली, "बरं झालं."

एका माणसाने धीर करून विचारलं, "पण व्हर्ना, तुझ्या नवऱ्यावरचा तो ठपका तसाच राहिला की."

"माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं तो कशासाठी गेला ते. मला ठाऊक आहे. हार्लनला ठाऊक आहे. आता हेलेनातल्या त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आणखी कुणाला सांगायचंय?"

पुढच्या वर्षी कारखाना नेब्रास्कातल्या एका कंपनीने घेतला आणि यंत्रं उचलून नेली. चाळीस माणसं घरी बसली, त्यांत डॅरेल. त्यातल्या काहींच्या बायका व्हर्नाशी बोलेनाशा झाल्या. चर्चमध्ये तिच्या हातची कॉफी नको म्हणून दोघी-तिघी घरून थर्मास आणायला लागल्या. डॅरेलला दूर पश्चिमेला स्पोकेनला तेलाच्या टाक्या जोडायचं काम मिळालं, आणि घर तोट्यात विकून जोलीन पोरांना घेऊन तिकडे गेली. निघताना तिने आईला मिठी मारली नाही. पोरं मागच्या काचेतून हात हलवत होती, कारण त्यांना कुणीही दिसलं की ती हात हलवायची.

व्हर्नाने त्याबद्दल कुणाकडे रडगाणं गायलं नाही. पाद्रीबाबांनी पुन्हा एकदा धीर केला. "व्हर्ना, मन शांत झालं का?"

"शांत नाही झालं, बाबा," ती म्हणाली. "पण भूक लागते आता. झोप लागते."

हार्लन स्कॉग्लंड १९८८च्या नोव्हेंबरात बिलिंग्जच्या इस्पितळात वारला. व्हर्ना वाइडनर त्याच्या मयताला गेली नाही. ती त्याच्यानंतर दहा वर्षं जगली, आणि १९९९च्या एप्रिलमध्ये माइल्स सिटीत, आपल्या घरी वारली.